कॅम बदललेली जिप्सी आणि साताऱ्यातील एक गॅरेज

साताऱ्याच्या एमआयडीसीतील ज्या गॅरेजविषयी हे लिहीत आहे, तेथे पान्याआधी गेज (मोजमापाचे साधन) हातात घेतला जातो, आणि परफॉर्मन्स कॅमशाफ्ट, म्हणजे अधिक ताकदीसाठी इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा (कॅम), बसवलेल्या गाडीसाठी हीच गोष्ट मोलाची ठरते. माझ्या 1298 सीसीच्या मारुती जिप्सीत दुसरीकडे असा कॅम बसवून घेतल्यानंतर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागे आणि पोवई नाक्यासारख्या गर्दीत गाडी थरथरत बंद पडे. बसवणाऱ्यांनी ‘कॅमचा स्वभावच असा’ असे सांगून विषय मिटवला होता.

ते उत्तर अर्धेच खरे होते. अशा कॅममुळे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी अधिक काळ उघडे राहतात. परिणामी कमी आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, मॅनिफोल्डमधील, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांतील, व्हॅक्यूम घटतो आणि तेथील दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर विसंबणारा ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजिनवर भार आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडतो. गाडी या गॅरेजात आणल्यावर तेथील मिस्त्रींनी काळे पडलेले ओलसर प्लग समोर ठेवून हे समजावले. व्हॅक्यूमचे 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) हे प्रमाण समुद्रसपाटीचे असून, 700 मीटरहून उंच असलेल्या साताऱ्यात निरोगी मूळ इंजिनही सुमारे दोन इंच कमीच दाखवते, हेही त्यांनी हिशेबात धरले.

खरा दोष कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासताना सापडला. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटत असल्याने चारही सिलिंडरचा आकडा सारखाच उतरला असता, तर चिंता नव्हती. येथे दोनच सिलिंडर मागे होते. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळत होत्या, परंतु त्या दोन सिलिंडरचे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधील फट ठरवणारे भाग) इतके घट्ट होते की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हते. कॅमसोबत आलेल्या कार्डावर दिलेली टॅपेटची फट थंड इंजिनवर ठेवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) हजार आरपीएमच्या आसपास नेल्यावर बंद पडणेही थांबले. किंचित थरथर उरली आहे, आणि ती मात्र खरोखरच कॅमची आहे.

मूळ ईसीयूचे मॅपिंग, म्हणजे त्यातील इंधनाचे आकडे नव्या कॅमला जुळवणे, आपल्याकडे होत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. काम संथ चालते आणि मोजलेले आकडे लिहून मिळत नाहीत, ही उणीव आहे. कमी व्हॅक्यूममुळे आयडलिंगवर ब्रेक बूस्टरची (ब्रेक दाबणे हलके करणाऱ्या भागाची) मदत घटू शकते, याची तपासणीही मला मागून करून घ्यावी लागली. यवतेश्वरचा घाट रोज उतरणाऱ्या गाड्यांच्या गावात ती न मागता व्हायला हवी.