मुंबई-न्यूयॉर्क व्हाया लंडन, आई-अण्णांना घेऊन

घरातल्या वयस्कर माणसांना अमेरिकेला न्यायचं असंल तर मुंबईहून डायरेक्ट विमान घेऊ नका, लंडनला बदलायचं असतं ते घ्या. आमच्या परभणीत ज्याला त्याला डायरेक्टच पाहिजे, मधी उतरायचं म्हणलं की लोक घाबरतेत, पण डायरेक्ट म्हणजे 15-16 तास एका खुर्चीत, अन् अण्णांचे गुडघे तर देवगिरी एक्सप्रेसच्या बर्थवर पाय पसरून सुद्धा ठाण्यापर्यंत आखडतेत. बरं लंडन काही वाकड्या वाटेला नाही, मुंबई-लंडन 7200 किलोमीटर, तिथून न्यूयॉर्क साडेपाच हजार, डायरेक्टपेक्षा दोनेकशेच जास्त भरतं. पहिला टप्पा 10 तासाचा, दुसरा 8 चा, मधी पाय मोकळे.

तिकीट मात्र एकाच पीएनआरवर काढा, बॅगा मुंबईत दिल्या की थेट न्यूयॉर्कलाच घ्यायच्या. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की लंडनला नुसतं विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

सगळ्यात भारी सर्व्हिस म्हणजे व्हीलचेअर, अन् ती फुकट असती. आमचा एजंट म्हणला तिथं गेल्यावर मागा, मी ऐकलं नाही, विमान कंपनीला फोन करून तिकिटातच टाकून घेतलं. मुंबईला टी-2 वर, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल 2 ला, एक पोरगा आला, चेक-इन, सिक्युरिटी, इमिग्रेशन सगळं त्यानंच करून थेट विमानाच्या दारात सोडलं. आई आधी बसंना, म्हणं मला काय झालंय, चांगली चालती की मी. लंडनला उतरल्यावर हीथ्रोचे ते लांबच लांब कॉरिडॉर बघितले अन् गपचिप बसली. तिथं दारातच दोन खुर्च्या तयार होत्या, आईची शाल खाली लोळायली होती ती खुर्ची ढकलणाऱ्या बाईनं उचलून नीट पायावर घातली, भाषा कळत नव्हती तरी आई तिला जाताना हात जोडून आली.

जेवण ठीकठाक. 24 तास आधी एशियन व्हेज, म्हणजे आपल्याकडचं शाकाहारी जेवण, सांगून ठेवलं तर आपलं ताट सगळ्यांच्या आधी येतं, पण वर हवा इतकी कोरडी असती की जिभेला चवच लागत नाही, म्हणून धपाटे सोबत ठेवा अन् पाणी मागून मागून प्या.

अजून एक, सुकं खोबरं अजिबात घेऊ नका, मोठ्या बॅगेत पण चालत नाही, तेलानं पेट घेतं म्हणून. मुंबईत आमच्या पुढच्या काकांची बॅग उघडायला लावून सगळ्या वाट्या काढून ठेवल्या, बिचारे बघतच राहिले. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला मोठ्या बॅगेत टाकून बिनधास्त न्या, न्यूयॉर्कला विचारलं तर खायचं सामान हाय म्हणून सरळ सांगायचं, आम्ही सांगितलं, एक बॅग उघडून बघितली अन् जा म्हणले.