११० नगांच्या टॅकल बॉक्सचे पैसे पाण्यात, दोरीचे वसूल

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत जावं. मासेमारीच्या सामानाच्या या बॉक्सला ५ पैकी दीड स्टार, त्यातला एक स्टार नुसत्या प्लास्टिकच्या डब्याला. नंतर घेतलेल्या ब्रेडेड (विणलेल्या) लाइनला आणि फ्लोरोकार्बन लीडरला (लाइनच्या टोकाला जोडायच्या दोऱ्याला) पूर्ण ५. बाकी खाली सविस्तर लिहिलंय, जरा लांबलंय.

मिनेसोटात मे महिन्यात वॉलाय या माशाचा सीझन उघडतो त्याला इथे ओपनर म्हणतात आणि त्या शनिवारी अर्धं राज्य पाण्यावर असतं (वॉलाय १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे, म्हणजे प्रकरण किती सिरियस आहे बघा). तर त्या ओपनरच्या आधी मी हौसेने ऑनलाइन एक "बास अँड वॉलाय" टॅकल बॉक्स मागवला, ११० नग, ४० डॉलर, वर रिव्ह्यू सगळे छान छान. ब्रँडचं नाव लिहीत नाही, तसाही हाच डबा मला नंतर आणखी दोन वेगळ्या नावांनी विकायला दिसला.

डबा उघडला की पहिली दहा मिनिटं मस्त वाटतं, रंगीबेरंगी, दिवाळीचा फराळ मांडल्यासारखं. मग मोजायला बसलो. ११० पैकी साठेक नग म्हणजे स्विवेल (गोल फिरणाऱ्या कड्या), स्प्लिट रिंगा, मणी, पिना. उरलेल्यात शिशाची बारकी वजनं, वीसेक रबरी किडे, काही जिग हेड (जिग म्हणजे वजनाचं डोकं बसवलेला हुक) आणि फक्त आठ क्रँकबेट. क्रँकबेट म्हणजे पुढे प्लास्टिकची जीभ असलेले नकली मासे, ओढले की खाली बुडी मारतात आणि हलतात. आठातले तीन सरळ पोहलेच नाहीत, जीभ तिरकी चिकटवलेली, ओढला की कुशीवर पडून वर यायचा. ट्रेबल (तीन टोकांचे) हुक इतके मऊ की तळाच्या लाकडात अडकला आणि जरा जोर लावला तर लाकूड सुटलं नाही, हुकच सरळ झाला. एकदा अडकलेल्या हुकसाठी ते बरंच झालं म्हणा, पण माशाच्या तोंडात असता तर? आणि रबरी किडे उन्हात गाडीत राहिले तर सगळे मिळून एक गोळा, हिरवा गुलाबी चिकट. तो गोळा अजून आहे माझ्याकडे, फेकवत नाही.

पण खरी गंमत बॉक्समध्ये नव्हतीच, माझ्या रीलवर होती. रॉड-रीलच्या कॉम्बोसोबत आलेली जाड नायलॉन मोनो (एकाच धाग्याची) लाइन, वर्षभर स्पूलवर गुंडाळून तिचे स्प्रिंगसारखे वेटोळे झालेले. त्याच्यावर १/८ औंसचं जिग लावून मी मिल लॅक्स तलावाच्या एका डॉकवर उभा होतो, तीन तास, एक मासा नाही, आणि शेजारच्या आजोबांनी माझ्यासमोर चार वॉलाय काढले. शेवटी त्यांनीच विचारलं, तुझं जिग तळाला टेकलेलं तुला कळतंय का? म्हटलं नाही. मग मासा कसा कळेल? एवढं बोलून ते परत आपल्या बॉबरकडे (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाकडे) बघायला लागले. मला राग आला, पण घरी येताना पूर्ण रस्ताभर तेच डोक्यात.

आता बघा, मोनो ताणते, तुटायच्या आधी २०-२५ टक्के सहज लांबते. म्हणजे वीसेक मीटर लांब टाकलेल्या जिगला माशाने तोंड लावलं तर तो धक्का तुमच्या हातापर्यंत येईस्तोवर रबरात जिरतो. वॉलाय तर तसाही सभ्य मासा, बाससारखा धसमुसळा नाही, तो आमिष हळूच ओढून घेतो आणि पुष्कळदा तुम्हाला फक्त एवढंच जाणवतं की जिग जरा जड झालं, ओल्या पाल्यात अडकल्यासारखं. ते "जरा जड" कळलं तर मासा, नाही कळलं तर रिकामा हुक आणि मिन्नोची (आमिषाच्या चिमुकल्या माशाची) शेपटी.

म्हणून १० पाउंडची (म्हणजे तेवढी ओढ सहन करणारी) ब्रेडेड लाइन घेतली, १५० यार्ड, साधारण १८ डॉलरला, पुढे ८ पाउंडचा फ्लोरोकार्बन लीडर पाच-सहा फूट, मध्ये डबल युनी गाठ. ब्रेड जवळपास ताणतच नाही. फ्लोरो कशाला तर तो पाण्यात कमी दिसतो, त्याचा अपवर्तनांक (उजेड किती वळवतो तो आकडा) १.४२ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या जवळ, नायलॉनचा दीडच्या वर, शिवाय तो बुडतो आणि दगडावर घासून लगेच जात नाही. मिल लॅक्समध्ये याचा फरक पडतो कारण तिथे झेब्रा मसल नावाचे शिंपले आल्यापासून (२००५ मध्ये पहिल्यांदा सापडले) पाणी फार नितळ झालंय. आणि तिथे मसल कापतात पण, लीडरवरून बोट फिरवत राहा, खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवी गाठ.

पहिल्याच दिवशी एक घोळ केला तो सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली. मासा लागला, ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट केला तरी लाइन जातेच आहे, मला वाटलं लागला बाबा राक्षस, प्रत्यक्षात सगळी ब्रेड स्पूलवर गोल गोल घसरत होती. खाली आधी दहाएक यार्ड मोनो गुंडाळायची, ती पकडून ठेवते, मग ब्रेड. आणि बेल (रीलवरची तारेची कडी) हाताने बंद करायचा, हँडल फिरवून नाही, नाहीतर सैल वेटोळं आत जातं आणि चार कास्टनंतर चिमणीचं घरटं तयार.

रॉड साडेसहा फुटी, मिडियम लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन, रील २५०० साइझचं. एवढ्यात वॉलाय आणि स्मॉलमाउथ दोन्ही होतात (स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ या बासच्या दोन जाती). लार्जमाउथ मोकळ्या पाण्यात होतो, पण कमळाच्या पानात नकली बेडूक टाकून काढायचा असेल तर हा रॉड विसरा, तिथे जाड रॉड, बेटकास्टर रील आणि ५० पाउंडची ब्रेड लागते, मासा आणि त्याच्यासोबत दोन किलो शेवाळ एकदमच ओढायचं असतं. मी प्रयत्न केला होता. मासा पानात, लाइन देठाभोवती, मी होडीत, तिघं आपापल्या जागी.

वॉलायला जे चाललं ते अगदी साधं. सीझनच्या सुरुवातीला १/८ किंवा १/४ औंसचं जिग, त्यावर जिवंत शायनर मिन्नो, सहा ते बारा फूट पाणी. जिग तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, लाइन किंचित ताणात ठेवून खाली सोडायचं. झटके नकोत. बहुतेक मासे जिग खाली जाताना घेतात. वेळ पहाटेची नाहीतर संध्याकाळची, कारण वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या खाद्याला दिसत नाही. दुपारी कडक उन्हात, आरशासारख्या पाण्यात बसून देवाचं नाव घ्या. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की मात्र दुपारी पण लागतो, वरून येणारा उजेड फुटतो म्हणून, इथे त्याला वॉलाय चॉपच म्हणतात. होडी हलते, पोटात ढवळतं, आणि तेव्हाच मासे लागतात. जून उजाडला की स्लिप बॉबरखाली जळू, इथे लीच म्हणतात. हात लावायला घाण वाटते, पहिल्यांदा तर ती माझ्याच अंगठ्याला चिकटली, पण चालते, आजोबा तेच करत होते.

बॉक्समधली जिग हेड शिशाची होती, ती वापरणं मी थांबवलं. एक तर लून पक्षी तळाचे खडे गिळताना शिशाची वजनं पण गिळतात आणि मरतात, आणि लून इथला राज्यपक्षी. दुसरं स्वार्थाचं कारण, टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन, पाण्याच्या १९ पट जड, शिसं ११ पट, त्यामुळे त्याच वजनाचं जिग छोटं होतं आणि कडक असल्यामुळे दगडाला टेकलं की ब्रेडवरून टक असं हातात येतं. महाग आहे, फार महाग आहे, आणि पाइक माशाने एका दुपारी माझी चार नेली, नॉर्दर्न पाइकचे दात फ्लोरोला दोऱ्यासारखं कापतात. तरी परत घेतली.

बासकडे येऊ. खरं तर हा मासा सनफिशच्या कुळातला, बास नुसतं म्हणायला. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो, स्मॉलमाउथचा डोळ्यापाशी थांबतो, ओळखायला एवढं पुरतं. यासाठी दोनच पुड्या घेतल्या. एक सेंको, पाच इंची रबरी किडा, दिसायला साधी काडी, बघून वाटतं याला कोण खाणार. मधोमध हुक खुपसून वॅकी रिग करायचा, शेवाळाच्या कडेला किंवा डॉकखाली टाकायचा आणि काहीच करायचं नाही. खरंच काहीच नाही. दोन्ही टोकं थरथरत तो बुडत जातो. हाताला काही कळत नाही, लाइनकडे बघायचं, ती बाजूला सरकायला लागली की मासा. रबर फार मऊ, एकेका माशाला एक काडी फाटते, म्हणून मधे रबरी ओ-रिंग चढवून तिच्यात हुक घाला, निम्मे पैसे वाचतात.

दुसरी नेड रिग, आळंबीच्या डोक्यासारखं चपटं जिग, १/१० औंस, मागे जेमतेम पावणेतीन इंचाचा रबरी तुकडा. हे कॅन्ससकडचं तंत्र, नेड केहडी यांच्या नावावरून. झी-मॅनचं इलॅझटेक नावाचं रबर वापरलं, ते पाण्यात तरंगतं, त्यामुळे जिग तळाला टेकलं की मागचा तुकडा उभा राहतो, नांग्या वर करून बसलेल्या क्रेफिशसारखा. खडकाळ तळावर हळूहळू ओढायचं, थांबायचं. स्मॉलमाउथ त्याला सोडत नाही. आठ तुकड्यांच्या पुडीतल्या एकाच तुकड्यावर मी सतरा मासे काढले, अजून तो वापरतोय. फक्त एक लक्षात ठेवा, हे रबर दुसऱ्या रबरी किड्यांसोबत एका कप्प्यात ठेवलं तर दोन्ही विरघळतात. आपापल्या पुडीत ठेवा. मला हे कळलं तेव्हा माझ्याकडे दुसरा गोळा तयार झाला होता.

उरला रपाला, ओरिजिनल फ्लोटिंग, हा पण नकली मासाच. बॉक्समधल्या आठ क्रँकबेटच्या पैशात असे दोन-तीन येतात आणि फरक पहिल्या कास्टला कळतो. फिनलंडच्या लॉरी रपालाने १९३६ मध्ये पहिला कोरला तो कॉर्कचा, वर चॉकलेटची चंदेरी आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप, कारण लॅकरला पैसे नव्हते. पण डोकं कुठे लावलं त्याने, तर हलण्यावर, जखमी मासा कसा लटपटतो ते बघून. अमेरिकेत तो गाजला १९६२ मध्ये, लाइफ मासिकात लेख आला आणि नेमक्या त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, नुकतीच गेलेली, अंक घरोघरी पोचला. हिवाळ्याआधी रात्री काठावरून हा अगदी सावकाश ओढत राहा, एवढा सावकाश की कंटाळा येईल, वॉलाय उथळ पाण्यात येतो. माझा सगळ्यात मोठा, २६ इंची, असाच ऑक्टोबरमध्ये काठावरून लागला. मोजला आणि सोडला.

जळू चिकटलेल्या त्या अंगठ्यावरून आठवलं, बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात त्या सवयीने वॉलायच्या तोंडात अंगठा घालू नका. सुळे आहेत. मी घातला.

बॉक्स परत करायचा विचार होता पण एकदा ओला झालेला माल परत घेत नाहीत म्हणे, मुदत पण गेली. आता त्यातले मणी आणि स्विवेल शेजारच्या पोराला दिलेत, त्याला सनफिश पकडायला पुष्कळ होतात. रिकाम्या डब्यात पक्कड, नेल कटर, टेप, लीडरचं स्पूल आणि वेगवेगळ्या पुड्यांत रबर ठेवतो. झाकण घट्ट बसतं, पाऊस आत येत नाही, बिजागरी अजून शाबूत. तो एक स्टार त्याचाच.