बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह : पसरणी घाटातील पावसाळी परीक्षा

आलिशान सेडान म्हटली की आपल्याकडे पहिली चौकशी मागच्या आसनाची होते. पाय किती पसरता येतात, पाठ किती मागे रेलते, यावर निम्मा सौदा ठरतो. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हकडे त्या नजरेने पाहणाऱ्याची निराशा होईल, कारण ही गाडी मालकाने स्वतः चालवण्यासाठी आहे. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा चेन्नईच्या कारखान्यात जुळणी होणारी ती कंपनीची पहिली ‘एम’ (म्हणजे वेगवान, ताकदवान वर्गातली) गाडी होती, आणि तयार गाडीवरचा जबर आयात कर टळल्यामुळे तिची ६२.९० लाख रुपयांची किंमत तिच्या ताकदीच्या मानाने वाजवी वाटली होती. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती एका स्नेह्यांच्या कृपेने मला चार दिवस चालवायला मिळाली. हे परीक्षण त्या आवृत्तीचे आहे.

गाडीचे खरे वैभव तिच्या इंजिनात आहे. २९९८ सीसीचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले हे पेट्रोल इंजिन ३७४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. सहा सिलिंडर एका ओळीत असले की त्यांचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे छेदतात. त्यामुळे थरथर दाबून टाकण्यासाठी वेगळा तोल-दंड (बॅलन्स शाफ्ट) लागत नाही आणि इंजिनाच्या फेऱ्यांची सुई वर चढत जाते तसतसे इंजिन अधिकच मोकळे होत आहे असे वाटते. बीएमडब्ल्यूने सहा सिलिंडरची आपली पहिली मोटार, ३०३, १९३३ मध्ये काढली होती. ती मुरलेली विद्या इथे कळते. आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शहरात जाणवतही नाही. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ४.४ सेकंद लागतात, असे कंपनी सांगते. हा आकडा मी पडताळून पाहिला नाही, कारण त्यासाठी लागणारा मोकळा आणि कायद्याने चालणारा रस्ता सातारा महामार्गावर कुठे आहे, हे मला अजून सापडलेले नाही.

मात्र वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात, भर जुलैमध्ये, चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीचा अर्थ नीट उमगला. ही सोय बर्फासाठी असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. १९८५ च्या सुमारास आलेल्या ३२५आयएक्समध्ये बीएमडब्ल्यूने पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी ताकदीची ३७:६३ अशी कायमची वाटणी ठरवून दिली होती. आजच्या एक्सड्राइव्हमध्ये, म्हणजे कंपनीच्या चारही चाके चालवणाऱ्या यंत्रणेत, हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला, अनेक चकत्यांचा बहुपत्री क्लच करतो. एरवी तो मागच्या चाकांना झुकते माप देतो आणि पकड सुटण्याची चाहूल लागताच लागेल तेवढी ताकद पुढे वळवतो. चढावरच्या ओल्या, आवळत्या वळणातून बाहेर पडताना केवळ मागच्या चाकांवर चालणारी इतकी ताकदवान गाडी असती, तर संगणकाने इंजिनचा गळा आवळला असता आणि माझा पायही आपोआप सैल झाला असता. इथे मागची बाजू क्षणभर हलकीशी बाहेर झुकते, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा एम स्पोर्ट डिफरन्शियल बाहेरच्या चाकाला जोर देतो आणि गाडी स्टीअरिंगच्या रोखाने स्वतःला ओढून घेते. त्यात तोल आहे, पण बेफिकिरी नाही. टायरपुढे कोणाचेच चालत नाही, हे ती हाताला सतत सांगत राहते.

आत बारा आणि जवळपास पंधरा इंचांचे दोन पडदे एकाच वक्र काचेखाली बसवले आहेत. दिसायला ते देखणे आहेत. पण एसीची बटणे काढून त्यांचे काम पडद्यावर सोपवण्याचा निर्णय मला पटत नाही. घाटात काचा धुकटल्यावर बोटाला ओळखीचे बटण सापडावे, इतकी अपेक्षा या किमतीत गैर नाही. हार्मन कार्डनची ध्वनियंत्रणा उत्तम आहे, तरी मी ती बहुतेक वेळ बंदच ठेवली. मला सर्वांत उपयोगी वाटली ती उलट जाण्याची मदत : गाडी शेवटचे ५० मीटर कशी आली हे लक्षात ठेवते आणि त्याच मार्गाने स्टीअरिंग स्वतः फिरवत मागे नेते. पुण्यातल्या पेठांच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की या सोयीचे मोल कळते.

मागे दोघांना ठीक जागा आहे. गाडीच्या तळाशी मधोमध असलेल्या बोगद्याच्या उंचवट्यामुळे तिसऱ्याची अडचण होते. कमी उंचीच्या कडेचे लो-प्रोफाइल टायर आणि आवळलेले सस्पेन्शन यांमुळे खड्डे लपत नाहीत. ज्यांना मागेच बसायचे आहे त्यांच्यासाठी याच ३ सिरीज घराण्यातली, ११० मिलिमीटर अधिक लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) असलेली गाडी आहे.

सुधारित आवृत्तीची आरंभीची किंमत ६९.२० लाख रुपये होती, आणि त्यावर २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात लागणारा १३ टक्के मार्गकर वेगळा. आउडी एस५ मार्च २०२१ मध्येच ७९.०६ लाखांना आली होती, तीही ३५४ हॉर्सपॉवर घेऊन. मर्सिडीज-एएमजी सी४३ मध्ये ४०८ हॉर्सपॉवर आहे, परंतु ते चार सिलिंडरच्या दोन लिटर इंजिनातून येते आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची किंमत ९८ लाख होती. या तिघींत मी एम३४०आय निवडेन. घेणाऱ्याने चाचणी फेरीसाठी मात्र पावसाचा दिवस आणि जवळचा एखादा घाट मागून घ्यावा. शोरूमभोवतीच्या सिग्नलवर ही गाडी कोणत्याही महागड्या सेडानसारखीच वाटेल.