हिमालयात अंगाला लागून काय घालावं: सुती की लोकरी?

सह्याद्रीत उन्हाळाभर वापरलेला सुती टी-शर्टच बरेच जण उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकच्या सॅकमध्ये भरतात. स्वस्त, मऊ, सवयीचा. कोरडा असेपर्यंत तक्रारीला जागाही नाही. पण चढणीवर घाम येतोच, आणि सुती कापड तो पिऊन बसतं. मग थांबलात की वारा लागतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की तो हायपोथर्मिया. त्यासाठी बर्फच लागतो असं नाही. पाऊस आणि वारा पुरतात.

लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) महाग आहे, वाळायलाही वेळ घेते. परवडत नसेल तर पॉलिस्टरचं थर्मल घ्या. ते लवकर वाळतं. सुती मात्र घरीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

कपडे चुकलेच आणि सोबती कुडकुडायला लागला, बोलताना अडखळू लागला, तर आडोशाला न्या. ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली मॅट, वर स्लीपिंग बॅग. नीट शुद्धीत असेल तर गरम, गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, ब्रँडी तर मुळीच नको: दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलेली ऊबही निघून जाते. ऊब छाती-पोटाला द्या. कुडकुडणं थांबलं पण माणूस गुंगीत असेल, तर तो सुधारलेला नाही, बिघडलेला आहे. त्याला अलगद हलवा, लगेच मदत बोलवा.