घोडीचं बॉलकॉकवालं पाणीभांडं: आठ महिन्यांनंतर

भांडं अजून ठाणावर, म्हणजे घोडी बांधायच्या जागी आहे, हे आधी सांगतो. कारण डिसेंबरात मी ते पान्याने खोलून गोठ्यामागे टाकून दिलं होतं.

बिडाचं, 2 लिटरचं, भिंतीला ठोकायचं नेहमीचं भांडं; पाणी उतरलं की बॉलकॉकने आपोआप भरणारं. ऑगस्टमध्ये बसवलं. भांड्याचे 3,500, पाइप आणि मजुरी धरून 5,000च्या आत काम झालं. घोडी मारवाडी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेली, अंदाजे 350 किलोची. आम्ही फलटणकडचे. विहिरीवरून बादल्या वाहायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणून हा खर्च केला. पहिले तीन महिने फार समाधान होतं. रात्री-अपरात्री पाणी हजर. ज्याला त्याला 'घ्याच' म्हणून सांगत होतो.

डिसेंबरात हिरवा घास कमी पडला आणि कडबा कुट्टी वाढवली. थंडीही पडली. एका पहाटे घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून सारखी कुशीकडे बघत होती. चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला तोंड लावेना. ठाणात रात्रीची लीद दोनच ठिकाणी, आणि तीही सुकी, बोटाने दाबली तर भुगा होणारी. भांडं मात्र काठोकाठ भरलेलं! ते भरलेलं भांडं बघून मी पाण्याचा विचारच केला नाही. अर्धा तास त्यात गेला, तो मला अजून टोचतो.

पोटशूळ होता, कोरडा चारा आतड्यात तटलेला. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं पुढेच सरकावं लागतं. डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पाणी आणि पातळ पॅराफिन सोडलं, चारा बंद केला. मग त्यांनी विचारलं, "कालपासून किती पाणी प्यायली?"

मला सांगता आलं नाही. आठवड्याचं सोडा, आदल्या दिवसाचंही नाही. बादलीच्या काळात आमच्या काकांना न बघता ठाऊक असायचं: सकाळी दीड बादली, संध्याकाळी एक. या भांड्याने पाणी दिलं, पण हा हिशेब नेला. माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि कुठलाही विक्रेता याबद्दल अवाक्षर काढत नाही. शेवाळ, गंज, बॉलकॉकचा आवाज या गोष्टी यापुढे किरकोळ.

दुपारी चारला तिने लीद टाकली. काकांनी ती हातात घेऊन मला दाखवली.

ज्यांच्याकडून भांडं घेतलं त्यांना फोन केला. "पाणी येतंय ना? मग माल ठीक आहे." चार वेळा तेच उत्तर. पाचव्यांदा फोन उचलला नाही. त्याच रागात भांडं काढलं आणि बादली लावली. त्या थंडीत, कोमट पाणी ठेवल्यावर, ती दिवसाला 24 लिटर प्यायला लागली.

इथे माझं मत बदललं, तेही लिहायला हवं. दोष सगळा भांड्याचा नव्हता. डॉक्टरांनी ते रिकामं करून घड्याळ लावायला सांगितलं होतं. तात्पुरतं जोडून पाहिलं तर भरायला 40 सेकंद, म्हणजे मिनिटाला 3 लिटर. घोडा मोठे घोट घेत एका दमात पितो. पाणी संपलं की आमची घोडी मान उचलायची, थोडी थांबायची आणि वैरणीकडे वळायची. आमची टाकी जेमतेम 4 फुटांवर, त्यात पाइप अर्ध्या इंचाचा. टाकी 10 फुटांवर चढवली, पाइप एक इंचाचा केला, बॉलकॉक मोठ्या तोंडाचा बसवला. आता भांडं 15 सेकंदांत भरतं आणि ती मान न उचलता पिते.

भांड्याच्या आधी पाण्याचं साधं मीटर जोडलं, 900 रुपयांचं. काका सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहितात. हे मीटर या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची वस्तू आहे. जानेवारीत 22-23 लिटर, आता एप्रिलच्या उन्हात 38 ते 40. लसूणघास जास्त पडला की आकडा उतरतो, कारण घासातच पाणी असतं. त्याला घाबरायचं नाही. कोरड्या वैरणीवर असताना उतरला तर मात्र लगेच लीद बघायची आणि हिरडी बोटाने दाबून सोडायची. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी.

बाकी बदल: चंदी दोन वेळांऐवजी तीन वेळा, थोडी थोडी, कारण घोड्याचं जठर लहान. हरभरा भिजवूनच. वैरण दिवसभर समोर. खडेमीठ चाटायला. चंदीचा चोथा भांड्यात पडून आंबतो, म्हणून ते रोज घासावं लागतं. थंडीत रात्री अजूनही कोमट पाण्याची बादलीच ठेवणार, काकांचा तो आग्रह आहे आणि तो बरोबर आहे.

शिंगरू झालं की दुसऱ्या ठाणालाही भांडं लागेल. हेच घेईन, दुसऱ्या दुकानातून. मीटर मात्र आधीच आणून ठेवलंय.