डोळ्यांखालच्या काळेपणावर कॅफिनचे जेल: वापरानंतरचा अभिप्राय

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या भागात डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी मेडिकलमध्ये आता कॅफिनचे जेल मागितले जाऊ लागले आहे. टोकाला पोलादी गोळी असलेली १५ मिलीलिटरची ही नळी कापूस वेचणीच्या जवळजवळ एका दिवसाच्या मजुरीला पडते, म्हणूनच ती कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझ्या जाऊबाईंनी आणि मी एकाच दुकानातून घेतलेल्या नळ्या संपेपर्यंत वापरल्या. ओलिताची वीज रात्री येत असल्याने जाऊबाईंना भावजींसोबत वावरात जागावे लागते आणि सकाळी त्यांच्या डोळ्यांखाली सूज व निळसर छटा दिसते. कॅफिनने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे त्यांना दुपारपर्यंत चांगला फरक जाणवत असे. मात्र माठाच्या पाण्यात भिजवलेली घडी डोळ्यांवर ठेवल्यानेही सूज बरीच उतरते, हे त्यांनीच मला दाखवून दिले. माझी वर्तुळे तपकिरी आहेत, धुळीने खाजणारे डोळे वर्षानुवर्षे चोळल्याने आणि उन्हाने आलेली. त्यांच्यावर या जेलचा काहीही परिणाम झाला नाही. आरशासमोर खालच्या पापणीची त्वचा हलकेच ताणून पाहावी: तपकिरी रंग तसाच राहिला तर दोष त्वचेतील रंगद्रव्याचा असण्याची शक्यता अधिक असते आणि तेथे हे जेल उपयोगाचे नाही.

खरेदीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, असे मी प्रत्येक बाईला आग्रहाने सांगेन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि चेहरा फिकट पडला की डोळ्यांखालचा काळेपणा अधिकच उठून दिसतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी त्यावर उपचार हवा. परंतु विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने ती तपासणीही करावी आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू कराव्यात.

दुसऱ्या एका दुकानात मला या जेलऐवजी गोरेपणाची म्हणून स्टेरॉइड असलेली मलम देऊ केली गेली. चिठ्ठीशिवाय अशी मलम विकणे नियमाला धरून नाही. डोळ्यांजवळ ती दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, डोळ्यांतील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूचाही धोका असतो. म्हणून नळीवरील घटक वाचूनच पैसे द्यावेत, आणि जेल घेतलेच तर प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.