टोकदार छर्रा की चपटा? दहा मीटर एअर रायफलच्या चार डब्यांची तुलना

सोलापुरात दहा मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्या मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. महाराष्ट्राच्या मातीतून तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे नेमबाज घडल्यामुळे पालकही या खेळाकडे गांभीर्याने पाहू लागले आहेत. मात्र रायफलीवर लाखाच्या घरात खर्च करणारे पालक छर्र्यांची डबी घेताना दुकानदार देईल ती घेतात, आणि अलीकडे त्यांच्या हाती बऱ्याचदा प्लॅस्टिकचे लाल टोक बसवलेले छर्रे पडतात. दिसायला ते वेगवान वाटतात आणि डबीवर अचूकतेचा दावाही ठळक छापलेला असतो. तो दावा आमच्या खेळापुरता कितपत खरा आहे, हे पडताळण्यासाठी मी चार प्रकारचे छर्रे एकाच रायफलीतून झाडून पाहिले: आरडब्ल्यूएस आर-१० मॅच, एच अँड एन फिनाले मॅच, एक पॉलिमर (म्हणजे प्लॅस्टिकच्या) टोकाचा छर्रा आणि बाजारात सहज मिळणारा एक स्वस्त देशी छर्रा. शेवटच्या दोहोंची नावे येथे देत नाही, कारण माझा आक्षेप कोणा एका कंपनीवर नसून निवडीच्या पद्धतीवर आहे.

पॉलिमर टोकाची कल्पना मुळात मोठ्या रायफलींच्या गोळ्यांतून आली. नोस्लर कंपनीने १९८४ मध्ये बॅलिस्टिक टिप ही गोळी आणली, तेव्हापासून ती लोकप्रिय झाली. मॅगझिनमध्ये आपटून शिशाचे टोक चेपू नये, दोन-तीनशे मीटर जाताना हवेचा अवरोध कमी व्हावा आणि लहान उपद्रवी प्राण्याला लागताच गोळी आतून फुलावी, असे त्यामागचे तीन हेतू होते. अमेरिकेत अनेक जण आपल्या रायफलीसाठी घरीच काडतुसे भरतात आणि अशा गोळ्यांच्या अचूकतेची बारकाईने तुलना करतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो आणि शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. म्हणजे तीनपैकी एकही हेतू आमच्या रेंजवर लागू पडत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये मॅगझिन नसते, छर्रा हाताने एकेक भरला जातो, अंतर दहाच मीटर असते आणि समोर कागद असतो.

चाचणी माणसाच्या खांद्यावरून केली तर छर्र्याची चूक कोणती आणि नेमबाजाची कोणती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपकडून रायफल घट्ट धरणारी लोखंडी पकड करून घेतली आणि ती सिमेंटच्या ओट्याला बोल्टने आवळली. लक्ष्याच्या कागदामागे लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा लावला, कारण नुसता कागद छर्रा गेल्यावर पुन्हा मिटतो आणि भोक खऱ्यापेक्षा लहान दिसते. प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्र्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या भोकांचे पुंजके, पाडून एकमेकांपासून सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने मोजले आणि त्यातून छर्र्याची ४.५ मिलिमीटर जाडी वजा केली.

या मोजमापाला इतके महत्त्व का, हे लक्ष्याची रचना पाहिली की कळते. दहा गुणांचा मधला ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. छर्र्याचा केंद्रबिंदू मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला तर १०.० मिळतात, त्यापुढे दर पाव मिलिमीटर आत सरकल्यावर एक दशांश गुण वाढत जातो आणि १०.९ साठी तो पाव मिलिमीटरच्या आत यावा लागतो. साठ नेमांच्या पात्रता फेरीत जागा अनेकदा एक-दोन दशांशांवर ठरते. छर्रा स्वतःहूनच दोन मिलिमीटर भरकटत असेल, तर मुलाने श्वास कितीही साधला आणि ट्रिगर कितीही अलगद दाबला तरी तो गुण त्याच्या हातात उरत नाही.

आर-१० आणि फिनाले मॅच हे दोन्ही जर्मन छर्रे ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे. ओळखीच्या सराफाच्या मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर ते एकेक ठेवले, तेव्हा फरक पडला तर तिसऱ्या दशांश स्थळावर पडत होता. पुठ्ठ्यावरचा निकालही तसाच निघाला: दहा छर्र्यांचे मिळून एकच भोक, एका छर्र्याच्या भोकापेक्षा किंचितच मोठे आणि कडा पंचने पाडल्यासारख्या स्वच्छ. आमच्या रायफलीच्या नळीला फिनालेचा ४.५० मिलिमीटर डोक्याचा छर्रा ४.४९ पेक्षा अधिक मानवला. ही गोष्ट प्रत्येक नळीची वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या मुलाला जो साइझ लागू पडला तोच आपण आणावा, असे नाही. दोन्ही ब्रँडमध्ये मला निवडण्याजोगा फरक आढळला नाही. जो आपल्या नळीत सारख्या ताकदीने बसतो आणि नियमित मिळतो, तो घ्यावा.

पॉलिमर टोकाचा ग्रुप मात्र ठळकपणे पसरला. कारण शोधण्यासाठी मी काही छर्रे भिंगाखाली पाहिले. बहुतेकांचे टोक सरळ होते, पण काहींचे शिशाच्या खाचेत किंचित कलते बसले होते आणि एकाच्या बुडाशी प्लॅस्टिकची बारीक कोर बाहेर आलेली दिसली. छर्रा नळीतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. त्याचे वजन अक्षापासून जरा जरी बाजूला असले, तरी तो उडताना डुलतो. दोन वेगळे भाग जोडून केलेल्या छर्र्यात ही शक्यता एकसंध शिशाच्या छर्र्यापेक्षा साहजिकच जास्त असते. हवेचा अवरोध कमी होण्याचा फायदाही येथे पदरात पडत नाही. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि सहा शतांश सेकंदात कागदावर पोहोचतो. एवढ्या अवधीत टोकाच्या आकाराने पडणारा फरक साइटच्या (रायफलीवरच्या नेम धरण्याच्या साधनाच्या) एका क्लिकने भरून निघतो. चाळीस-पन्नास मीटरवर डबे पाडण्याचा छंद असणाऱ्याला मी हे सांगणार नाही, कारण त्या अंतरावर चपटा छर्रा अस्थिर होतो आणि तेथे गोल डोक्याचा किंवा टोकदार छर्राच योग्य ठरतो.

टोकदार छर्र्याचा आणखी एक तोटा गुण मोजताना जाणवतो. तो कागद कापत नाही, फाडतो. भोकाच्या कडेला पाकळ्या उभ्या राहतात, आणि कागदी लक्ष्यावर छर्रा रेषेला शिवला की नाही याचा वाद सुरू होतो. स्पर्धेच्या नियमांत छर्र्याच्या आकारावर बंधन नसूनही चपटा छर्राच वापरला जातो, त्यामागे हेही कारण आहे.

देशी स्वस्त छर्र्याबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे होते, कारण आयात केलेल्या डबीची किंमत रोज सराव करणाऱ्या मुलाच्या घराला परवडत नाही, हे मी जवळून पाहतो. त्याच्या वजनातला फरक दुसऱ्याच दशांश स्थळावर दिसला, काहींच्या मागच्या घेरावर (छर्र्याच्या मागच्या टोकाच्या कडेवर) साच्याची रेघ होती आणि ग्रुपमधले सात-आठ छर्रे जवळ पडून एखाद-दुसरा भलतीकडेच जात होता. तरीही घेर तपासून आणि वजनानुसार वेगळे काढून झाडल्यावर त्याचा ग्रुप पॉलिमर टोकाच्या छर्र्यापेक्षा आटोपशीर आला. पहिले सहा महिने उभे राहण्याची पद्धत, रायफल धरणे आणि ट्रिगर शिकणाऱ्या मुलाला हे छर्रे पुरेसे आहेत. स्पर्धेच्या आधी महिनाभर मात्र मॅच छर्र्यांवर यावे आणि साइट पुन्हा झिरो करून, म्हणजे छर्रा नेमक्या मध्यावर पडेल अशी जुळवून, घ्यावी.

डबी घेताना मागच्या बाजूचा लॉट नंबर जरूर टिपून ठेवावा. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही फरक येतो, त्यामुळे नळीला मानवलेला लॉट सापडला की त्याच्याच आणखी डब्या घेणे शहाणपणाचे ठरते. पुण्या-मुंबईहून कुरिअरने मागवलेली डबी उघडताच आतला स्पंज जागेवर आहे का ते पाहावे; तो नसेल तर प्रवासात छर्रे एकमेकांवर आपटून त्यांचे मऊ घेर चेपतात, आणि चेपलेला घेर नळीत हवा नीट अडवत नाही. असे छर्रे बाजूला काढून खांदा स्थिर करण्याच्या सरावासाठी ठेवावेत. छर्रे ओठांत धरून भरण्याची सवय काही मुलांना असते, ती पालकांनी पहिल्याच दिवशी मोडावी. शिसे विषारी असते आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नये.